सोडता आलं पाहिजे

गेल्या रविवारी भाचा आला. नोकरीचा पहिला पगार झालेला, त्यामुळे खिसा गरम. बसायच्या आधीच मोबाइल पुढे केला. "मामा, मढला गरवायला जायचंय. मोठा मासा काढायचाय. ह्या तिन्हींतलं कुठलं रीळ घेऊ?" तिन्ही रिळं चकचकीत. एकाला सोनेरी हँडल, एकावर बारा बेअरिंगांची फुशारकी, तिसऱ्याखाली 'सर्वांत वेगवान' असं लिहिलेलं.

मी त्याला चहा दिला आणि उजव्या हाताची तर्जनी दाखवली. मधल्या पेरावर आडवी पांढरी रेघ आहे. चाळीस वर्षांपूर्वी मनोरीच्या खाडीत एका जिताड्याने ती मारली. तेव्हा आमच्याकडे ना रॉड, ना रीळ. लाकडाच्या फळीवर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं, गरीला जिवंत कोळंबी. मला शिकवणारे कोळीबाबा मार्वे धक्क्यापासून थोडं आत, खारफुटीच्या कडेला होडी लावायचे. गरी टाकण्याआधी सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे बोटांत चढवायचे. मलाही द्यायचे. मी पंधरा वर्षांचा, मला कशाला लागतायत!

जिताडा लागला तसा मी तंगूस मुठीत गच्च आवळला. दोन सेकंदांत बोट कापलं आणि तिसऱ्या सेकंदाला तंगूस तुटला. बाबांनी माझ्या बोटाला त्यांच्या डोक्याचा रुमाल बांधला आणि एवढंच म्हणाले, "धरून काय, खुंटापण ठेवतो. सोडता आलं पाहिजे."

पुढे रॉड आले, जपानी-अमेरिकी रिळं आली, माझ्याकडे स्वतःची चार झाली. पण रीळ निवडताना, वापरताना आणि धुताना मी आजही त्याच वाक्यापाशी येतो. भाच्याला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो.

पहिला कानमंत्र: रीळ ओढायला नसतं, सोडायला असतं

तू दुकानात गेलास की पहिल्यांदा हँडल फिरवशील. सगळे तेच करतात. मी सांगतो, हँडल नंतर. आधी दोर बाहेर ओढून बघ.

रिळाच्या आत एकावर एक चकत्या असतात. नॉब आवळला की त्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि स्पूल जड फिरतं. सैल केला की हलकं. ह्यालाच ड्रॅग म्हणतात. बाबांच्या बोटांतल्या ट्यूबचं काम आता ह्या चकत्या करतात. संक्रांतीला तू गच्चीवर पतंग उडवतोस ना? पेच लागला की फिरकीवाल्याला ओरडतोस, "ढील दे, ढील दे!" ड्रॅग म्हणजे ती ढील, फक्त मोजूनमापून दिलेली.

चांगल्या ड्रॅगची खूण त्याच्या सुरुवातीत असते. दोर हळू ओढ. अडखळून, झटका देऊन सुटला तर ते रीळ ठेवून दे. मोठा मासा दोर तोडतो तो बहुतेकदा त्या पहिल्या झटक्यालाच. लोण्यात सुरी जावी तसा दोर निघाला, तर मग बाकीचं बघू.

आवळायचा किती? जुना हिशेब असा, की दोर जेवढ्या वजनाला तुटतो त्याच्या चौथ्या हिश्शापासून फार तर तिसऱ्या हिश्शापर्यंत. चाळीस पौंडांचा दोर म्हणजे अठरा किलो. त्याचा चौथा हिस्सा साडेचार किलो. हाताच्या अंदाजावर राहू नकोस, हात खोटं बोलतो. रद्दीवाल्याकडे हुकाचा काटा असतो तसला एक आण. दोराचं टोक त्याला बांध, रॉड सरळ ठेवून ओढ, आणि साडेचारवर काटा आला की ड्रॅग सुटला पाहिजे. काटा नसेल तर पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेचार लिटर पाणी भर आणि दोराला टांग. कॅन हळूहळू खाली उतरू लागला की झालं.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्या खोक्यावर छापलेली नसते. मासा दोर घेऊन पळाला की स्पूलवरचा दोर कमी होतो, स्पूल बारीक होतं. बारीक स्पूल फिरवायला जोर जास्त लागतो. भरलेलं स्पूल सहा सेंटिमीटर व्यासाचं असेल आणि ते चारवर आलं, तर नॉबला हात न लावताही पकड दीडपट होते. तुझे साडेचार किलो पावणेसातवर जातात. म्हणून मासा लांब गेला की घाबरून नॉब आवळायचा नाही, उलट किंचित सैल करायचा. पुष्कळ मासे इथेही जातात, कारण घाबरलेला माणूस आवळतो. मी आवळलं होतं. बोट बघ.

दुसरा कानमंत्र: आधी माशाचा स्वभाव, मग रिळाचा नंबर

"मोठा मासा" असा कुठला मासा नसतो. नाव सांग, मग रीळ सांगतो.

जिताडा खाडीतला. खारफुटीच्या मुळांत, धक्क्याच्या खांबांपाशी, कालवं लागलेल्या दगडांच्या आडोशाला उभा राहतो. लागला की त्याची पहिली धाव लांबची नसते, घराकडे असते. पाच-सात हात गेला की मुळांत शिरला. ह्याला ढील द्यायची, पण मोजकी. म्हणून दोरच जाड घ्यायचा, म्हणजे त्याचा चौथा हिस्साही माशाला जड जातो. पाच-सहा हजार नंबरचं रीळ, चाळीस पौंडांचा विणलेला दोर, पुढे साठ पौंडांच्या जाड तंगुसाचा हातभर लीडर. लीडर अशासाठी, की जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला धार असते. डोकं झटकलं की दोर ब्लेडने कापल्यासारखा जातो.

रावस मोकळ्या पाण्यातला. अक्सा, एरंगळ ह्या पुळणींवर लाट फुटते त्या पट्ट्यात फिरतो. इथे लपायला काही नाही, म्हणून तो पळतो. इथे लांब फेक लागते आणि स्पूलवर भरपूर दोर लागतो. तीनशे मीटर दोर मावेल असं आठ हजार नंबरचं रीळ घे. पकड कमी असली तरी चालते, साठा पाहिजे.

मढच्या खडकांतला हेकरू जिताड्याचाच थोरला भाऊ समज. बिळात शिरला की पंख फुगवून बसतो. तिथे जाड दोर आणि दमदार रीळ, दुसरा उपाय नाही. वाम रात्रीची येते, ताकदीपेक्षा गुंता जास्त करते आणि चावते. शिंगाडा ताकदीने जड, पण सरळ. त्याच्या काट्यांपासून मात्र हात जप, काटा लागला तर रात्र जागून काढावी लागते.

घोळ हवी असेल तर होडीतून खोल पाण्यात जावं लागेल. तिच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, सोन्याचा भाव असतो, म्हणून सगळ्यांना ती हवी असते. तिच्यासाठी आडवं रीळ लागतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

नदी-तलावाचं तंत्र वेगळं. पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन 1955 पासून आहे. तिथले जुने सभासद कटला-रोहूसाठी तासन्‌तास बसतात. त्यांचं रीळ लहान, दोर बारीक, ड्रॅग अगदी मऊ. समुद्राचं धूड घेऊन तिथे गेलास तर हसतील. आणि पाण्यात पाय सोडून बसू नकोस, त्या तलावात मगरी आहेत.

महसीर मात्र नदीतला पैलवान. गरी लागली की प्रवाहाबरोबर खाली सुटतो, आणि त्या पहिल्या धावेत दोनशे मीटर दोर कमी पडतो. टाटा पॉवरने लोणावळ्याला वळवणच्या धरणापाशी महसीरची पिल्लं वाढवून नद्यांत सोडायचं काम कित्येक वर्षं चालवलं आहे. कोणीतरी एवढ्या कष्टाने वाढवलेला मासा आहे. परवानगी असेल तिथेच गरव, आणि लागला तर फोटो काढून सोडून दे.

तिसरा कानमंत्र: उभं रीळ हाताला, आडवं रीळ होडीला

उभं रीळ, ज्याला दुकानदार स्पिनिंग म्हणतात, त्याचं स्पूल ड्रॅग सुटल्याशिवाय फिरत नाही. फेकताना दोर स्पूलच्या तोंडावरून वेटोळं-वेटोळं सुटत जातो. आपले वडीलधारे गिरणीत त्रासन खात्यात होते, सूत कातायच्या. कांडीच्या टोकावरून सूत कसं सरसर सुटतं हे त्यांनी मला दाखवलं होतं. पुढे कळलं, की हे रीळही गिरणीतच सुचलं. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ नावाच्या गिरणीवाल्याने 1905 साली त्याचं पेटंट घेतलं, कांडीवरून सुटणारं सूत बघूनच. गिरणगावातल्या घरात ते रीळ मला कधी परकं वाटलं नाही.

आडव्या रिळात स्पूल स्वतः फिरतं, विहिरीच्या रहाटासारखं. दोर सरळ येतो, पीळ पडत नाही, ताकद पुरेपूर लागते. पण फेकताना अंगठा स्पूलवर ठेवावा लागतो. अंगठा चुकला की स्पूल दोरापेक्षा जास्त पळतं आणि असा गुंता होतो की तो सोडवण्यात भरती निघून जाते. पहिल्याच वर्षी ते घेऊन पुळणीवर उभा राहिलास तर मासे कमी पकडशील, शिव्या जास्त देशील.

होडीतून दोर सरळ खाली सोडायचा असतो, फेकायचा नसतो. तिथे आडवं रीळच राजा. पाऊण किलो शिसं आणि खाली घोळ असेल तर उभ्या रिळाचं हँडल मनगट मोडेल. तुझ्यासाठी सध्या एकच: उभं, सहा हजार नंबरचं. मार्वेच्या खाडीलाही चालेल, अक्सालाही चालवून घेता येईल.

चौथा कानमंत्र: खोक्यावरचे आकडे वाच, पण त्यांना भुलू नकोस

बारा बेअरिंग म्हणजे बारा ठिकाणी गंज चढायची सोय. खाऱ्या पाण्यात चार चांगली, झाकलेली बेअरिंग बारा उघड्या बेअरिंगांना भारी पडतात.

5:1 असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हँडलच्या एका फेऱ्याला दोर गुंडाळणाऱ्या भागाचे पाच फेरे. स्पूल सहा सेंटिमीटरचं असेल तर एका फेऱ्याला साधारण चौऱ्याण्णव सेंटिमीटर दोर आत येतो. हा आकडा जितका मोठा तितका वेग जास्त, पण जोर कमी. सायकलचा गिअर आठव. चढाला तू हलका गिअर घालतोस. मोठा मासा म्हणजे चढ. उपमा ओढूनताणून आणलेली नाही. जपानच्या साकाई शहरात 1921 साली सुरू झालेली शिमानो सायकलचे गिअरही बनवते आणि रिळंही. 'सर्वांत वेगवान' वाचून हुरळू नकोस. पाचच्या आसपास राहा.

कमाल ड्रॅग पंधरा किलो असं छापतात. तू वापरणार साडेचार-पाच. पण जास्त क्षमतेचं रीळ पाच किलोवर निवांत चालतं, कमी क्षमतेचं पाच किलोवर धापा टाकतं. म्हणून जो आकडा लागणार त्याच्या दुप्पट-अडीचपट क्षमता बघ.

सांगाडा धातूचा असू दे. प्लास्टिकचा सांगाडा हलका असतो, पण जोर लागला की वाकतो आणि आतले दाते एकमेकांवरून सरकतात. आणि दुकानदाराला एक प्रश्न विचारायला विसरू नकोस: "ह्याचे सुटे भाग मिळतात का?" बेलची, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीची स्प्रिंग, लाइन रोलर, चकत्या. उत्तर देताना त्याने छताकडे बघितलं तर दुसरं दुकान बघ.

पैसे वाटायचे तर रिळाला दोन वाटे, रॉडला एक. रॉड बांबूचाही चालतो, रीळ हलकं चालत नाही.

पाचवा कानमंत्र: दोर भरताना घाई नको

विणलेला दोर, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात, गुळगुळीत असतो. तो थेट स्पूलवर बांधलास तर मासा लागल्यावर अख्खा गठ्ठाच स्पूलवर फिरतो आणि तुला वाटतं ड्रॅग बिघडला. आधी पंधरा-वीस वेढे साध्या तंगुसाचे घाल, त्याला ब्रेड जोड.

भरताना दोर ओल्या फडक्यातून ताणून घे. सैल भरलास तर पहिल्याच ओढीला वरचा दोर खालच्या थरात रुतून बसेल. स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांब. काठोकाठ भरलास तर फेकताना वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरलास तर दोर कडेला घासून फेक आखूड पडते.

गाठ आवळण्याआधी थुंकी लाव. कोरडी गाठ आवळताना तापते आणि तिथेच दोर मरतो. आणि गाठ बांधून झाली की पायाखाली टोक धरून जिवाच्या आकांताने ओढ. तुटायची असेल तर घरात तुटू दे.

सहावा कानमंत्र: रीळ ओरडत असताना हँडलला हात नको

मासा पळतोय, ड्रॅग किर्र करतोय आणि तू हँडल फिरवतोयस. दोर आत येत नाही, फक्त पीळ पडतो. 5:1 च्या रिळात हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला पाच पीळ. वीस वेळा फिरवलंस तर शंभर. पुढच्या फेकीला दोर जिलबी होऊन बाहेर पडेल.

तो पळतोय तेव्हा तू उभा राहा, रॉड वर, हात शांत. तो थांबला की रॉड हळू वर उचल, आणि खाली आणताना दोर गुंडाळ. ओढायचं रॉडने, गुंडाळायचं रिळाने. रिळाला ओढायला लावलंस तर मासाही जाईल आणि दातेही.

सातवा कानमंत्र: घरी आल्यावर आधी रिळाची आंघोळ, मग तुझी

काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीला आपल्या मालाडचा पिवळा दगड लागलाय. दीडशे वर्षं समुद्राचा वारा खाऊन उभा आहे. तुझं रीळ दगडाचं नाही. मढच्या खाऱ्या वाऱ्यात ठेवलंस तर महिन्याभरात स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसेल. स्टीलचा स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, मध्ये खारं पाणी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाणारच.

क्रम असा ठेव. आधी ड्रॅगचा नॉब पूर्ण आवळ, म्हणजे चकत्यांत पाणी शिरणार नाही. मग तांब्याने हळू गोडं पाणी सोड, पाऊस पडावा तसं. नळाची धार मारू नकोस. धारेने मीठ धुतलं जात नाही, आत ढकललं जातं. बादलीत बुडवणं तर महापाप. आपल्याकडे नळाला पाणी वेळेवरच येतं, तेव्हा गरवायला निघण्याआधीच एक बादली भरून ठेव. "आता पाणी नाही, सकाळी धुतो" असं म्हणणाऱ्यांची रिळं मी भंगारात बघितली आहेत.

जुन्या बनियनने टिप. सावलीत, हवेशीर ठेव, उन्हात नाही. सुकलं की लाइन रोलरवर तेलाचा एक थेंब, हँडलच्या मुठीत एक, बेल वळते तिथे एक. लाइन रोलर म्हणजे दोर जिथे काटकोनात वळतो ती बारीक चकरी. सगळ्यांत आधी तीच जाम होते आणि सगळ्यांत शेवटी लक्षात येते. चकरी फिरली नाही की दोर तिच्यावर घासतो, आणि महागडा दोर दोन फेऱ्यांत उसवतो. बोटाने फिरवून बघायची सवय लाव.

मग शेवटचं: नॉब पुन्हा सैल कर. पूर्ण सैल. आवळून ठेवलास तर चकत्या दाबून चपट्या होतात आणि पुढच्या खेपेला ड्रॅग झटका देऊन सुटतो.

आणि वाळूत रीळ टेकवू नकोस. अक्साला सेल्फीसाठी रॉड आडवा टाकणारे बघतो तेव्हा माझ्या पोटात कालवतं. वाळूचा एक कण गिअरमध्ये गेला की जातं दळायला लागतं.

आठवा कानमंत्र: रिळाची कामं आषाढात

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 271 नंबरच्या बसने मढला जा. बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात, कोणी फळ्या बदलतंय, कोणी जाळी विणतंय. समुद्र खवळलेला असतो तेव्हा कोळी घरातलं काम काढतो. तूही काढ.

पांढऱ्या चादरीवर बस, म्हणजे पडलेली स्प्रिंग दिसते. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. इंस्टाग्रामच्या रीलसाठी काढतोस, एकदा ह्या रिळासाठीही काढ. काढलेले भाग इडलीपात्राच्या वाट्यांत क्रमाने ठेव. उलट्या क्रमाने बसवायचे, संपलं. मामीला आधी विचार, नाहीतर मासा मिळायच्या आधी जेवण बंद होईल.

जुनं काळं ग्रीस पुसून काढ. दात्यांना नवं पाण्यात न विरघळणारं ग्रीस, पातळ थरात. बेअरिंगला ग्रीस नाही, हलकं तेल. शिलाई मशीनचं तेलही चालतं. हँडल उलट फिरू न देणारा क्लच असतो, त्याला ग्रीस लागलं की तो घसरतो आणि हँडल मागे झटका मारतं. तिथे तेलाचा जेमतेम ओलावा पुरे. ड्रॅगच्या चकत्या कार्बनच्या असतील तर ड्रॅगचंच ग्रीस, बोटाने चोळून, जादा पुसून. त्यांना रॉकेलमध्ये घालायचं नाही. स्क्रू बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लाव, म्हणजे ती पांढरी भुकटी होत नाही आणि पुढच्या वर्षी स्क्रू निघतो.

आणि खोबरेल नको. हसू नकोस, मी घातलं होतं. पावसाळ्यात रीळ लोण्यासारखं फिरलं. जानेवारीत पहाटे एरंगळला गेलो, गारठा होता, हँडल फिरेना. बाटलीतलं खोबरेल थंडीत थिजतं तेच रिळातही थिजलं होतं. दोन तास रीळ काखेत धरून बसलो. शेजारच्या कोळ्याने दोन रावस काढले आणि एक मला दिला, दयेपोटी.

नववा कानमंत्र: जुनं घ्यायला लाजू नकोस, पण कान लाव

पगार पुरत नसेल तर वापरलेलं चांगलं रीळ नव्या स्वस्त रिळापेक्षा बरं. रीळ कानाशी धरून हँडल फिरव. खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेलंय, ते बदलता येतं. टकटक ऐकू आली तर दाते गेलेत, ते सोडून दे. लाइन रोलर फिरव, स्पूल काढून आत बघ, स्क्रूची डोकी बघ. स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या असतील तर आधीच्या मालकाने चुकीचा स्क्रूड्रायव्हर चालवलाय, आणि त्याने आत काय चालवलं असेल ह्याचा अंदाज कर.

दहावा कानमंत्र: तिथी बघ, जीव जप

बाबा घड्याळ वापरत नसत. तिथीला पाऊण पट करायचे. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनवेला आणि अवसेला, खाडीला ओढ इतकी असते की शिसं ठरत नाही. नवख्याने भांगाच्या, म्हणजे ओढ कमी असते त्या दिवसांत जावं, पाणी वळायच्या आधीचा आणि नंतरचा तास धरावा.

अक्साला दिसते तशी वाळू सपाट नाही. पाणी चढताना मागून खड्डे भरतात आणि माणूस अडकतो. तिथे बुडून गेलेल्यांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मढच्या खडकांवर भरतीला पाठ करून उभा राहू नकोस. कोळ्यांच्या डोळीच्या जाळ्यांजवळ गरी टाकू नकोस, तुझा तो छंद आहे, त्यांचं ते घर चालतं.

आणि फार मोठा जिताडा लागला तर एकदा विचार कर. जिताडा जन्माने नर असतो, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला सगळ्यांत मोठा जिताडा ही बहुतेक गाभोळी धरणारी आई असते. मधला घरी आण, थोरलीला पाण्यात सोड. बाबा म्हणाले होते ते दोरापुरतं नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

भाचा सहा हजार नंबरचं, सांगाडा धातूचा, चार बेअरिंगांचं साधं काळं रीळ घेऊन परत आला. सोनेरी हँडलवालं त्याने सोडून दिलं. मी त्याला सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे दिले, ड्रॅग कितीही चांगला असला तरी दोर हाताने धरायची वेळ येतेच.

आणि वाचणाऱ्या तुला सांगतो, माळ्यावर एखादं जुनं रीळ पडलं असेल तर आत्ता उठ आणि त्याचा नॉब सैल कर. बाकीचं आषाढात बघू.